बिऱ्हाड पाठीवर: राजगड ते रायगड की रतनगड ते हरिश्चंद्रगड?

दिवाळी संपली की ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी हा प्रश्न विचारतंच. "या हिवाळ्यात मोठा रेंज ट्रेक करायचाय, टेंट घेऊन, तीन रात्री तरी. राजगड-तोरणा-रायगड करू की रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड?" विचारणारा नवखा नसतो. एका-दोन दिवसांचे दहा-वीस गड त्याच्या पायाखालून गेलेले असतात, सॅक कशी भरायची आणि बूट कुठले घालायचे हे त्याला माझ्याइतकंच कळतं. अडचण एवढीच की सलग चार दिवसांची रजा वर्षातून एकदा मिळते आणि ती कुठल्या डोंगरात घालवायची ते ठरत नाही. मी राजगडाची वाट एकदा पुरती आणि एकदा तोरण्यापर्यंत केली आहे. रतनगडाची तीनदा. माझं माप कुठे झुकतं ते यावरून कळेलच. ते कशामुळे झुकलं तेही सांगतो, म्हणजे ते कारण तुम्हाला लागू पडतं की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

दोन्ही वाटा थोडक्यात अशा. पहिली गुंजवण्यातून राजगडावर चढते, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीला भिडते, तोरण्यावरून मोहरी-सिंगापूरच्या पठाराकडे जाते आणि तिथून एखाद्या नाळेने (कड्यातल्या खड्या, दगडधोंड्यांच्या घळीने) कोकणात उतरून रायगड गाठते. दुसरी रतनवाडीतून रतनगड करून कात्राबाईची खिंड ओलांडते, कुमशेतला उतरते, पाचनईतून हरिश्चंद्रगड चढते आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला संपते. दुसऱ्या वाटेला तीन रात्री निवांत पुरतात. पहिलीला लोक चार दिवस सांगतात, पण पाठीवर टेंट, स्टोव्ह आणि शिधा असेल तर पाचवा दिवस हाताशी ठेवलेला बरा.

आधी राजगडाच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो, कारण ते थोडंथोडकं नाही. महाराजांची पहिली राजधानी ते शेवटची राजधानी हे अंतर पायी तोडणं ही गोष्टच वेगळी आहे. १६४६च्या सुमारास हाती आलेला तोरणा, मग राजगडावरची ती सारी वर्षं, आणि १६७४ साली रायगडावर झालेला राज्याभिषेक, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून वाकून बाहेर पडताना, आणि तीन-चार दिवसांनी रायलिंग पठाराच्या टोकावर उभं राहून लिंगाण्याच्या सुळक्यामागे रायगड पहिल्यांदा दिसतो तेव्हा, ते वाचलेलं अंगात उतरतं. आमच्यातला एकजण तिथे बराच वेळ काहीच बोलला नाही. पाचाडपर्यंत गाडीने येऊन चित् दरवाजाच्या पायऱ्या चढणाऱ्याला किंवा रोपवेने वर जाणाऱ्याला रायगड दिसतो तो वेगळा, आणि सह्याद्रीची भिंत उतरून, काळ नदीच्या खोऱ्यातून चालत आलेल्याला दिसतो तो वेगळा. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आणि रायगड दोन्ही आहेत. तुमच्या मनात चालण्यामागचं कारण इतिहास हेच असेल, तर पुढचं सगळं वाचूनही राजगडालाच जा. मी अडवणार नाही.

रतनगडाच्या वाटेला इतिहास नाही असं नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे. हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे आणि केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभी असलेली पिंड आहे. पण तिथे सलग एक कथा आपल्याला पुढे खेचत नेत नाही. तिथे खेचतो तो डोंगरच.

चालण्याच्या बाबतीत दोन्हींचा स्वभाव वेगळा. राजगड ते तोरणा ही उघडी धार आहे. एकीकडे गुंजवणीचं खोरं, दुसरीकडे भाटघरच्या पाण्याची बाजू, आणि पुढे दिवसभर बुधला माचीचं टोक डोळ्यांसमोर. वाट मळलेली आहे, चुकायचं काम नाही. सकाळी नऊपर्यंत हे सुख असतं. नंतर सावली म्हणून जी काही असते ती तुमच्या टोपीची. मधे एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तेव्हा क्षणभर हिरमोड होतो खरा, पण तो ओलांडला की परत धार सुरू. तोरण्यानंतर मात्र वाटा फुटतात. भट्टी गावाकडे उतरणाऱ्या, ढोरांच्या, कारवीत शिरून संपणाऱ्या. तिथे मोबाइलमधल्या रेषेवर भरवसा ठेवण्यापेक्षा माणूस बरोबर घ्यावा.

कात्राबाईची वाट याच्या बरोबर उलट. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांच्या बरंच खाली हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा फुटतो आणि पुढचे काही तास तुम्ही दाट रानात असता. आकाश तुकड्यातुकड्यांनी दिसतं. ज्यांना सतत नजारा हवा त्यांना हे कोंदट वाटेल. माझ्या एका मित्राला वाटलंही. पाचोळ्यात वाट हरवते, म्हणून पहिल्या खेपेला रतनवाडीतला वाटाड्या घेतला होता आणि पहिल्या खेपेला तुम्हीही घ्याच. पण खिंडीचा शेवटचा खडा चढ संपवून वर आलं की मागे रतनगड आणि त्याचा खुट्टा नावाचा सुळका, पुढे आजोबाचा डोंगर आणि हरिश्चंद्रगडाचा पसारा असं एकदम उघडतं. रानातून आल्यामुळेच ते इतकं मोठं वाटतं असं मला वाटतं. आणि जानेवारीच्या दुपारी बारा वाजता सोळा किलोची सॅक घेऊन सावलीतून चालणं काय असतं, हे ज्याने तोरण्याची धार त्याच वेळी केली आहे त्यालाच कळेल.

उतारांचंही बोलून टाकू. कोकणात उतरायला सिंगापूर नाळ आणि बोराट्याची नाळ असे दोन नेहमीचे पर्याय आहेत. बोराट्याची नाळ देखणी आहे, लिंगाणा हाताच्या अंतरावर येतो, पण सुट्या दगडधोंड्यांची आहे आणि तिच्यातला आडवा टप्पा मोठ्या सॅकला मानवत नाही. चार दिवसांचं बिऱ्हाड पाठीवर असेल तर सिंगापूर नाळेनेच जावं. पुढे दापोली लागते (ही रत्नागिरीतली दापोली नव्हे, डोंगराच्या पोटातलं लहानसं गाव), आणि मग रायगडवाडीपर्यंत डांबरी, कोकणातल्या उकाड्यात. घाटावरच्या थंडीची सवय झालेल्या अंगाला तो दीड-दोन तासांचा रस्ता नाळेपेक्षा जड गेला. खिरेश्वरचा उतार त्या मानाने काहीच नाही. टोलार खिंडीच्या आधीचा कातळाचा टप्पा जपून उतरायचा, खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी टेकायचं, आणि पुढे पिंपळगाव जोगाच्या जलाशयाकडे बघत खाली यायचं.

आता मुक्काम, कारण टेंट घेऊन जायचं म्हणजे सगळा खेळ संध्याकाळचा. दोन्हीकडे मनाला येईल तिथे टेंट ठोकता येतो हा समज आधी काढून टाका. राजगड आणि रायगड ही संरक्षित स्मारकं आहेत. गडावर रात्र काढायची असेल तर त्या वेळी काय चालतं ते निघण्याआधी विचारून घ्यावं लागतं, आणि तटबंदीच्या आत टेंटचे खिळे ठोकणं तसंही बरं नाही. दुसरीकडे रतनगड ते हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं, रानात चूल पेटवायची नाही, गॅसचा छोटा स्टोव्ह बाळगायचा. गावालगतच्या खाचरात टेंट लावायचा असेल तर शेतमालकाला विचारायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. खाचरात भाताची धसकटं असतात, ती हाताने चाचपून मोडून टाकल्याशिवाय टेंट पसरू नका. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही आणि तळाच्या कापडाला तीन भोकं पडली.

थंडीवाऱ्याचं म्हणाल तर धारेवरच्या पठारावर रात्रभर वारा असतो. टेंट फडफडतो, झोप तुटते, पण सकाळी सगळं कोरडं ठणठणीत. कुमशेतकडे खोऱ्यात वारा नाही, झोप गाढ लागते, मात्र डिसेंबरमध्ये दव इतकं पडतं की सकाळी टेंट पिळून काढावा लागतो आणि तो ओला टेंट दिवसभर पाठीवर वाहायचा. या एका बाबतीत राजगडाची वाट सरस आहे.

हे सगळं जमेस धरलं तर कदाचित मी दोन्ही वाटा आलटून पालटून करत राहिलो असतो. जे मनातून जात नाही ते पाण्याचं.

सह्याद्रीत हिवाळ्यात चालणाऱ्याला पाण्याचं गणित नवं नाही. दिवसाचं पाणी तीन लिटर हे ठरलेलं. पण टेंटच्या मुक्कामाला वेगळं पाणी लागतं: रात्रीची खिचडी, चहा, भांडी, सकाळचा चहा, आणि पुढच्या पाण्यापर्यंतची वाट. माणशी चार लिटर धरा. म्हणजे मुक्कामाची जागा पाण्यापाशी नसेल तर दुपारपासूनच पाठीवर चार किलो जास्त. राजगडावर आणि तोरण्यावर हा प्रश्न येत नाही. राजगडावर टाकी आहेत, तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ पाणी मिळतं. फडक्यातून गाळून, उकळून किंवा गोळी टाकून प्यायलं की झालं. अडचण येते तोरणा सोडल्यावर. टेंट लावायला सर्वांत सुरेख जागा त्याच पट्ट्यात आहेत, सपाट, उघड्या, संध्याकाळी सोनेरी होणाऱ्या, आणि तिथेच पाणी नाही.

आम्ही चौघे फेब्रुवारीच्या मध्यात गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ज्या ओढ्यात पाणी असेल असं टिपून ठेवलं होतं तो ओढा कोरडा निघाला. वर-खाली अर्धा तास फिरलो. एका कोंडीत हातभर पाणी होतं, हिरवं, गुरांनी तुडवलेलं. तसेच पुढे निघालो. सूर्य कलताना पठारावर पाच-सहा घरांचा एक धनगरपाडा लागला. चौघांत मिळून दीड लिटर उरलं होतं. पहिल्याच घराच्या अंगणात एक मावशी शेणी थापत होत्या. पाणी मिळेल का विचारलं, तर त्यांनी हात धुतले, आत गेल्या आणि हंडा आणून आमच्यापुढे ठेवला. "घ्या की. चालून दमला असाल." आम्ही बाटल्या भरल्या, तिथून जवळच माळावर टेंट लावले, खिचडी केली, चहा केला, पातेलं विसळून पाणी फेकलं. पैसे देऊ केले तर मावशी रागावल्या. आमच्याकडचा गूळ-शेंगदाणा घेतला तो पोरांसाठी म्हणून.

पहाटे मला जाग आली ती कळशी दगडाला लागल्याच्या आवाजाने. मावशी आणि त्यांची दहा-बारा वर्षांची नात निघाल्या होत्या. मी म्हटलं, मीही येतो, पाणी कुठलं ते बघतो, जमलं तर एक कळशी आणतो. माळ संपला, वाट घळीत उतरली आणि उतरतच राहिली. वीस मिनिटांनी दोन कातळांच्या सांध्यात एक झिरा आला. झिरा म्हणजे काय, तर परातीएवढा खळगा, तळाशी चार बोटं पाणी. मुलगी उकिडवी बसली. जर्मनची (अॅल्युमिनियमची) एक लहान वाटी होती तिच्याकडे. वाटी आडवी धरून, तळाचा गाळ हलणार नाही अशी ती पाणी उचलायची आणि कळशीच्या तोंडावर धरलेल्या फडक्यावर ओतायची. दहा-बारा वाट्या झाल्या की खळगा संपायचा. मग हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं. कातळातून पाणी झिरपून परत चार बोटं झालं की पुन्हा वाटी. मधल्या वेळात मावशी मला पुण्यात पाऊस कसा झाला ते विचारत होत्या. एक कळशी भरायला अर्ध्या तासाच्या वर गेला. घरातल्या हंड्यात अशा दोन कळश्या मावतात. परतीच्या चढावर मी कळशी खांद्यावर घेतली, ती दोनदा हिंदकळली, आणि प्रत्येक वेळी सांडलेल्या पाण्याकडे त्या मुलीने पाहिलं. बोलली काही नाही.

टेंटपाशी आलो तेव्हा गवतात आदल्या रात्री विसळून फेकलेल्या पाण्यातली खिचडीची शितं पडली होती.

त्या दिवशी आम्ही नाळ उतरलो, दुसऱ्या दिवशी रायगड चढलो, जगदीश्वरापाशी बसलो, समाधीपुढे डोकं ठेवलं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. पण घरी आल्यावर कुणी ट्रेकबद्दल विचारलं की मला आधी ती वाटी आठवायची. अडचण ओझ्याची नव्हती. चार लिटर जास्त मी उचलेन, पाच उचलेन. डोंगरात मजेसाठी गेलेल्या माणसाने तिथे राहणाऱ्यांच्या वाटचं पाणी मागायचं आणि त्यांनी ते न मोजता द्यायचं, हे मला पुन्हा करवेना. आणि पाडा सुटला तर पुढे दुसरी सोय नाही, म्हणून मागावं लागतंच. ज्यांनी ही वाट नोव्हेंबरात केली आहे ते सांगतात की तेव्हा ओढे वाहते असतात आणि असं काही होत नाही. त्यांचं खरं असणार. मला मात्र चार दिवसांची रजा नेहमी जानेवारी-फेब्रुवारीतच मिळते.

पुढच्या वर्षी, पुन्हा फेब्रुवारीतच, कात्राबाईची खिंड उतरून आम्ही कुमशेतच्या शिवारात आलो. खिंडीअलीकडच्या रानातल्या एका ओहळाला करंगळीएवढी धार होती, तिथेच बाटल्या भरून घेतल्या होत्या. संध्याकाळी मुळेच्या वरच्या अंगाच्या पात्रात, खडकांमधल्या डोहांतून, नितळ पाणी साचलेलं होतं. ही तीच मुळा, जी पुढे राहुरीजवळच्या मोठ्या धरणात जाते. इथे ती उडी मारून ओलांडता येते. मी बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि घोट्यापर्यंतचा मळ सुटेपर्यंत तसाच बसून राहिलो. कुणाला काही विचारायचं नव्हतं. पातेल्यात पाणी घेतलं, उकळलं, प्यायलो. साबण मात्र पात्रात नेऊ नका, खाली गावं आहेत. भांडी लांब नेऊन मातीने घासावीत.

त्या रात्री टेंटच्या बाहेर कॅरीमॅट टाकून पडलो होतो. गावात कुणाच्या तरी घरी भजन चाललं होतं, टाळांचा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता. ज्यांच्या खाचरात टेंट लावला होता ते मामा जेवणानंतर गप्पा मारायला आले, सोबत नाचणीच्या चार भाकऱ्या आणि ठेचा घेऊन. इथेही आम्ही घेणारेच होतो, पण भाकरीचे पैसे त्यांनी सहज घेतले. मामांनीच सांगितलं, एप्रिल-मे मध्ये इथेही हाल असतात, बाया विहिरीत उतरून पाणी भरतात. म्हणजे हा फरक कायमचा नाही, हिवाळ्यापुरताच आहे. उन्हाळ्यात यातली कुठलीही वाट टेंट घेऊन करू नये असं माझं मत आहे.

आता हरिश्चंद्रगडाचं वैगुण्यही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पक्षपात केला असं होईल. शनिवारच्या रात्री कोकणकड्यावर जे चालतं ते पाहवत नाही. भाड्याच्या टेंटच्या रांगा, स्पीकर, कड्याच्या काठावर सेल्फीसाठी रेटारेटी. आपण तीन दिवस रानातून चालत यावं आणि शेवटच्या रात्री जत्रेत झोपावं, असं होतं. दुसऱ्या खेपेला आमचं तसं झालं आणि त्या वेळी, खरं सांगतो, मला तोरण्यापलीकडचा तो कोरडा माळ आठवला. तिसऱ्या खेपेला वार बदलून गेलो. मंगळवारी संध्याकाळी कड्यावर आम्ही चौघे आणि नाशिकहून आलेलं एक वयस्क जोडपं, एवढेच होतो. सूर्य कोकणात उतरला, कड्याच्या आत वळलेल्या कातळावरून वारा वर आला, कुणीतरी चहा केला. गडावरच्या टपरीत पिठलं-भाकरी मिळते, तेव्हा शेवटच्या रात्रीचा शिधा नेला नाही तरी चालतो; सॅक तेवढी हलकी. मंगळगंगेच्या उगमाजवळ देवळापाशी पाणी असतं.

राजगडाच्या वाटेवर गर्दी पहिल्या दोन रात्री असते आणि नंतर सुटते. इकडे ती शेवटी भेटते. मला वाटतं गर्दी चुकवणं आपल्या हातात आहे, वार बदलला की झालं. कोरडा ओढा आपल्या हातात नाही.

जाण्यायेण्याचं फार लिहीत नाही. पुण्याच्या माणसाला राजगड सोपा: स्वारगेटहून वेल्ह्याच्या दिशेची एसटी, मार्गासनीला उतरून गुंजवण्यापर्यंत जीप. परत येताना पाचाडहून महाड आणि महाडहून पुण्या-मुंबईच्या गाड्या. रतनवाडीला मुंबईकरांनी कसारा किंवा इगतपुरी गाठून भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला यावं, पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा मोठा वळसा आहे आणि अख्खी सकाळ त्यात जाते. परतीला मात्र खिरेश्वरजवळचा खुबी फाटा कल्याण-नगर रस्त्यावरच आहे, दोन्ही दिशांच्या एसट्या तिथून जातात. दोन्ही ट्रेक जिथे सुरू होतात तिथे संपत नाहीत, त्यामुळे स्वतःची गाडी नेण्याचा विचार सोडून द्या.

राजगडाचंच ठरलं असेल तर मी दोन गोष्टी सुचवेन. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरा; गवत उंच असेल, वाट शोधावी लागेल, पण ओढे जिवंत असतील. आणि चौघांत मिळून पाच-पाच लिटरचे दोन घडीचे कॅन घ्या, तोरण्यावरून निघताना एक भरा, भट्टीसारख्या विहीर असलेल्या गावात दुसरा, ओझं वाटून घ्या. पाड्यावर पोहोचाल तेव्हा पाण्यासाठी न थांबता नुसतं बोलायला थांबता येईल, आणि ते थांबणं फार चांगलं असतं.

मन मोकळं असेल, अमुकच गड असं काही नसेल, तर रतनगड. रविवारी दुपारी रतनवाडीत पोहोचा, अमृतेश्वराला जाऊन या, आणि गर्दी गड उतरत असेल तेव्हा तुम्ही चढा. सॅक घेऊन शिड्या चढायला वेळ लागतो, तेव्हा तीन वाजायच्या आत निघा. ती रात्र गडावरच्या गुहेत, टेंट न उघडता. सकाळी लवकर नेढ्यात, म्हणजे गडाच्या कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसा. आरपार वारा असतो, कानटोपी न्या, आणि समोर अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई ओळीने उजळताना दिसतात. सोमवारी खिंड ओलांडून कुमशेत, भाकरीचं संध्याकाळी पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवा, अंधार पडल्यावर सांगितलं तर त्या घरच्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागते. मंगळवारी पाचनईतून गड आणि कोकणकडा. बुधवारी जेवणाच्या वेळेपर्यंत खुबी फाट्यावर पोहोचता येतं. फाट्यावर चहाची टपरी आहे, सॅक उतरवून तिथे बसा, गाडी येतेच.